चार पावसाळे जास्त

"बाबू, तुझ्यापेक्षा वीस पावसाळे जास्त पाह्यले मी," मामा परवा म्हणाले. मी गणिताचा मास्तर, तिथल्या तिथे हिशेब मांडला. मामा नागपुरातल्या गॅलरीत खुर्ची टाकून पावसाळे पाहतात, वर्षाला एक. मी तीन वर्षांपासून आफ्रिकेतल्या मलावी देशात एका खेड्यात शिकवतो. तिकडचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि मोठ्या सुट्टीत घरी यावं तर इथे पोळ्याच्या तोंडावर धो-धो. म्हणजे मला वर्षाला दोन. तीन वजा झाले, उरले सतरा. आणखी सतरा वर्षांनी मी मामांना गाठतो.

पहिल्या वर्षी मी निर्धास्त होतो. 47 अंशांत कूलरच्या टाकीत बादल्या ओतून जगलेल्या माणसाला पावसाचं काय कौतुक! पण माझ्या तिथल्या घराला छप्पर टिनाचं, शाळेलाही टिनाचंच. पाऊस आला की वर्गात बोलणं बंद. मी फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात. शंका कोणी विचारत नाही, विचारली तरी मला ऐकू येत नाही. शिक्षकी पेशातला सर्वांत सुखाचा काळ तोच, हे मुख्याध्यापकांना मी अजून सांगितलेलं नाही.

खरी पंचाईत फोनची. आई साडेआठला जेवणं आटोपून फोन लावते. तेव्हा तिकडे पाच वाजलेले असतात आणि दुपारभर जमलेलं आभाळ नेमकं तेव्हाच फुटतं.

"काऊन ओरडून राहिला रे?"

"पाऊस आहे, आई!"

"डिसेंबरात? अवकाळी असंन."

हे अवकाळी एप्रिलपर्यंत चालतं, असं मी तिला समजावलं. तिने पंचांगाकडे पाहिलं असावं, कारण बराच वेळ ती बोलली नाही. मृग जूनमध्येच लागतो, हे मलावीलाही लागू असलं पाहिजे, असं तिचं मत अजून आहे.

पाऊस उघडला की चिखल. लालभडक. त्याला तिथे मातोपे म्हणतात. एका संध्याकाळी मी भाड्याच्या सायकलवर मागे बसून घरी निघालो. तिकडे या सायकलींना कबाझा म्हणतात. अर्ध्या वाटेत चाकं रुतली. सायकलवाला शांतपणे उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागला. मी मागून, चपला हातात. घरी पोचल्यावर त्याने भाडं पूर्ण घेतलं. सायकल त्यानेच वाहून आणली होती, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

आणि न्गुंबी! पहिल्या पावसानंतर जमिनीतून पंखवाल्या वाळव्या निघतात आणि दिव्यावर तुटून पडतात. ताटात पंख, डोक्यात पंख. मी दिवा मालवून अंधारात वरणभात जेवत होतो, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, दिवा लावा की! दिव्याखाली त्यांनी पाण्याचं घमेलं ठेवलं, तासाभरात ते भरलं. मग त्यांनी त्या वाळव्या मीठ घालून कढईत परतल्या आणि मला वाटीभर दिल्या. तेवढ्यात आईचा फोन. वर टिन वाजतंय.

"काय खाऊन राहिला?"

"वाळवी!"

"वाळवी लागली? मंग रॉकेल टाक न!"

मी हो म्हटलं. चवीला बरी होती, थोडी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. हे आईला अजून माहीत नाही.

आता सुट्टीत नागपुरात आहे. घराला स्लॅब, त्यामुळे पाऊस आल्याचं कळतच नाही. आवाज मात्र माझा तसाच राहिलाय. सकाळी "आई, चहा!" म्हटलं तर समोरच्या घरातून काकूंनी "आणते" म्हणून सांगितलं. काल रात्री म्हणे मुसळधार झाला. मला सकाळी दोरीवरच्या कपड्यांवरून समजलं. न ऐकलेला पाऊस पाहिलेल्या पावसाळ्यात धरायचा की नाही, यावर मामांशी वाद सुरू आहे.