'होता' म्हणजे 'हॅड' नव्हे

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या मोबाइलवर एक संदेश गेली काही वर्षे फिरतो आहे आणि माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना तो तोंडपाठ असतो. संदेश असा: वाक्याच्या शेवटी ला-ली-ले आले की साधा भूतकाळ, 'आहे' आले की 'हॅव' किंवा 'हॅज', 'होता' आले की 'हॅड'; घटना ताजी असेल तर 'हॅव', जुनी असेल तर साधा भूतकाळ, फारच जुनी असेल तर 'हॅड'; एवढे पाठ केले की इंग्रजीचा भूतकाळ संपला. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा आणि सुरुवातीच्या दहा-बारा वाक्यांपुरता हा नियम चालतोही. अडचण त्यानंतर सुरू होते.

सर्वांत जास्त नुकसान 'फार जुने म्हणजे हॅड' या भागाने केले आहे. मुक्तिसंग्राम दिनावर निबंध लिहायला सांगितला की निम्म्या वह्यांत 'मराठवाडा हॅड बिकम फ्री इन 1948' असे वाक्य सापडते. तेथे 'बिकेम' हवे. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, यासाठीसुद्धा इंग्रजीला साधे 'शिफ्टेड' पुरते. सातशे वर्षांच्या अंतराने क्रियापदाच्या रूपात काडीचाही फरक पडत नाही. 'हॅड' अंतर सांगत नाही, क्रम सांगते. भूतकाळातल्या एका घटनेपाशी उभे राहून तिच्याही आधीच्या गोष्टीकडे वळून पाहायचे असेल, तर ते लागते. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला आणि आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. 'व्हेन द अर्थक्वेक स्ट्रक, पीपल हॅड गॉन टू बेड आफ्टर द इमर्शन' या वाक्यात आपण भूकंपाच्या क्षणी उभे आहोत आणि विसर्जन करून लोक झोपी गेले ते त्याच्या आधी, म्हणून 'हॅड'. हीच हकीकत घडली त्या क्रमाने सांगितली, म्हणजे लोकांनी गणपती विसर्जित केले, ते झोपले आणि पहाटे भूकंप झाला, तर तिन्ही ठिकाणी साधा भूतकाळ पुरतो आणि 'हॅड'ची गरजच उरत नाही. घटना तीच, वर्ष तेच. बदलली ती फक्त सांगणाऱ्याची जागा. उलट बाजूने पाहायचे तर, मी आज सकाळी स्टँडवर पोहोचलो तेव्हा एसटी निघून गेली होती, या दोन तासांपूर्वीच्या गोष्टीलाही 'द बस हॅड लेफ्ट' असेच म्हणावे लागते.

मग मराठीतले 'होता' काय करते? 'काल मी लातूरला गेलो होतो' असे कुणी म्हटले की तो जाऊन परत आला, हे आपण न सांगता ओळखतो. 'काल मी लातूरला गेलो' एवढेच म्हणून तो थांबला, तर आपण 'मग?' असे विचारतो. म्हणजे झालेली गोष्ट आता मिटली, तिचा परिणाम उरला नाही, असे बरेचदा आपले 'होता' सुचवते. इंग्रजी या दोन्ही वाक्यांसाठी 'वेंट' वापरते. गंमत अशी की 'आय हॅड गॉन टू लातूर येस्टर्डे' हे वाक्य एकटे उच्चारले, तर 'मग?' विचारण्याची पाळी इंग्रजी ऐकणाऱ्यावर येते.

'आहे म्हणजे हॅव' या भागाची स्थिती थोडी बरी आहे, पण भरवशाची नाही. 'मी 2012 साली बी.ए. झालो आहे' हे मराठीत सहज खपते, कारण साल सांगूनही आपण 'आहे' जोडू शकतो. इंग्रजीत घटनेचे साल किंवा वार सांगितला की 'हॅव' बाद होते आणि साधा भूतकाळ घ्यावा लागतो. ताजेपणाचा निकषही टिकत नाही. पाच मिनिटांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल 'ही लेफ्ट फाइव्ह मिनिट्स अगो' असे म्हणतात, तर शाळेच्या सहलीत चाळीस वर्षांपूर्वी अजिंठा पाहिलेला माणूस आजही 'आय हॅव सीन अजिंठा' असे बिनदिक्कत म्हणू शकतो, कारण तो अनुभव अजून त्याच्या पदरी आहे.

ला-ली-लेच्या नियमाला तर आपल्या मराठवाड्याची बोलीच खोटे पाडते. लातूर-नांदेडकडे कुणी 'जेवू लालो' म्हणाला, तर तो हात धुऊन बसलेला नसतो. घास अजून तोंडात असतो. शेवटी ला आहे आणि काळ चालू वर्तमान. प्रमाण मराठीतही आतून 'आलोच' अशी हाक देणारा अजून उठलेलासुद्धा नसतो. परीक्षेत महाग पडते ते 'तर'चे वाक्य. 'पाऊस पडला तर पेरणी करू' यात 'पडला' पाहून मुले 'इफ इट रेन्ड' लिहितात. येथे पाऊस अजून यायचा आहे, म्हणून इंग्रजीत 'इफ इट रेन्स' हवे. 'रेन्ड' लिहिले की पावसाची आशाच पातळ होते, आणि मृग कोरडा चाललेला असताना ते कुठल्याच शेतकऱ्याला म्हणायचे नसते.

संदेशाच्या शेवटच्या ओळीत 'करत होता म्हणजे वॉज आणि आयएनजी' असेही आहे. 'वाचत होता' याला ते लागू पडते. 'मी त्याला ओळखत होतो' याला पडत नाही, कारण ओळखणे ही इंग्रजीच्या दृष्टीने चालू असलेली कृती नसून स्थिती आहे, म्हणून तेथे 'न्यू' येते, 'वॉज नोइंग' नाही.

नकाराविषयी मात्र संदेश गप्प आहे. मराठीत 'गेला नाही' म्हणताना क्रियापद भूतकाळातच राहते, म्हणून मूल सरळ 'डिड नॉट वेंट' लिहून मोकळे होते. इंग्रजीत भूतकाळाची खूण 'डिड'ने एकदा उचलली की पुढचे क्रियापद आपल्या मूळ रूपात, म्हणजे 'गो'वर, परत येते. माझ्यापुढे येणाऱ्या वह्यांत लाल शाई सर्वांत जास्त खर्च होते ती याच जागी.