फोटो सीएमवायके करून घरी छापू नका

‘प्रिंट हुबेहूब स्क्रीनसारखी, ५ मिनिटांत’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. तो मावशीपर्यंत पोचला आणि नातवाच्या बारशाचे फोटो छापताना फोटोपेपरचं निम्मं पाकीट वाया गेलं. त्यात सांगितलंय ते असं: फोटो आधी सीएमवायके (सायन, मजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार रंगांत) करा, ब्राइटनेस ३० टक्के वाढवा, डीपीआय (इंचामागे ठिपके) ३०० ठेवा, प्रिंटरला ‘व्हिव्हिड’ (भडक रंग) लावा, कागद कुठलाही ग्लॉसी चालतो.

सगळ्यात जास्त नासाडी पहिल्या सल्ल्याने होते. प्रिंटरच्या शाया सीएमवायके, म्हणून फाइलही सीएमवायके, हे ऐकायला बरं वाटतं. पण घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, आरजीबीच (लाल-हिरवा-निळा, स्क्रीनचे रंग) मागतो. सीएमवायके फाइल दिलीत तर ती वाटेत परत आरजीबी होते आणि मग ड्रायव्हर आपल्या हिशेबाने शाया वाटतो. पहिल्या बदलात गेलेले रंग दुसऱ्यात परत येत नाहीत. फोटोशॉपमध्ये बहुतेकदा ‘यू.एस. वेब कोटेड (स्वॉप)’ हे प्रोफाइल, म्हणजे रंग कसे बदलायचे त्याचा तक्ता, आधीच निवडलेलं असतं. यातलं ‘वेब’ म्हणजे इंटरनेट नव्हे, रिळावर मासिकं छापणारं ऑफसेट मशीन. त्या मशीनच्या मर्यादा आपण ४×६ च्या फोटोवर लादतो. गर्द निळा शालू जांभळट होतो, पोपटी खण शेवाळी पडतो. आणि तुमचा प्रिंटर चारच रंगांचा आहे असं तरी कुणी सांगितलं? एप्सन एल८०५० मध्ये सहा शाया आहेत: नेहमीच्या चार, शिवाय फिकी सायन आणि फिकी मजेंटा. कॅनन जी५७० मध्ये जादाच्या दोन म्हणजे लाल आणि राखाडी. फाइल एसआरजीबीच (आरजीबीचा नेहमीचा प्रकार) राहू द्या. सीएमवायके ऑफसेटवाल्याने मागितली तर त्याला द्या.

ब्राइटनेसच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. घरच्या प्रिंट अंधाऱ्या वाटतात. पण बहुतेक वेळा दोष फोटोचा नसतो, मॉनिटर भलताच उजळ असतो. प्रिंट कोणत्या उजेडात पाहावी यासाठी आयएसओ ३६६४ हे मानक आहे: डी५० प्रकाश (दिवसाच्या उजेडासारखा ठरावीक पांढरा), नेहमीच्या पाहण्यासाठी ५०० लक्स (लक्स म्हणजे कागदावर पडणाऱ्या उजेडाचं माप). पांढरा कागद साधारण ९० टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे ५०० × ०.९ ÷ ३.१४, सुमारे १४३ कॅन्डेला प्रति चौरस मीटर (कागद किंवा पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप). दिवाणखान्यात १५० लक्स असेल तर तोच कागद जेमतेम ४३ देतो. शेजारी मॉनिटर कंपनीतून आला तसा २५० वर. मग प्रिंट काळवंडलेली दिसणारच.

मॉनिटर १०० च्या आसपास आणा. मोजायला डीएसएलआर पुरतो: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, कॅमेऱ्यात आयएसओ १००, एफ/४, स्पॉट मीटरिंग (फक्त मधल्या ठिपक्याचा उजेड मोजणं), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य. मीटर १/५० सेकंद शटर सांगत असेल तर पडदा १०० कॅन्डेलाच्या जवळ आहे. १/१२५ आलं तर २५० च्या घरात, मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा. पडदा पिवळसर करणारं ‘नाइट लाइट’ बंद करायला विसरू नका. एवढं करूनही प्रिंट दबलेली वाटली तर फोटोशॉपमधल्या कर्व्हचा (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या रेषेचा) फक्त मधला भाग उचला. सरसकट ३० टक्के वाढवलंत तर बाळाचं पांढरं टोपडं कोऱ्या कागदासारखं सपाट होतं.

डीपीआयचा रंगाशी काडीचा संबंध नाही. ४×६ ला १२००×१८०० पिक्सेल असले की झालं.

‘व्हिव्हिड’ लावलं की रंग दोघं बदलतात: एकदा फोटोशॉप, एकदा ड्रायव्हर. चेहरे लालबुंद येतात ते त्यामुळे. कुणा एकाच्याच हाती कारभार द्या. कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात त्याची फाइल) असेल तर ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून ते प्रोफाइल लावा आणि ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ ठेवा. कागदाचा प्रकार मात्र तिथे बरोबरच निवडायचा, कारण किती शाई पडणार हे त्यावर ठरतं. प्रोफाइल नसेल तर सगळं ड्रायव्हरवर सोपवा, ‘व्हिव्हिड’ वगळून.

आणि ‘कुठलाही ग्लॉसी’? प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून असतं. यातलं एक बदललं की ते निरुपयोगी. स्वस्तात करायचं तर एकच कागद आणि एकच शाई धरून राहा. ४×६ च्या एका कागदावर त्याच चेहऱ्याच्या चार पट्ट्या छापा: मूळ, मग मधला भाग थोडा थोडा उचललेल्या तीन. रात्रभर उघड्यावर वाळू द्या, कारण डाय शाईचा (पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) रंग वाळताना सरकतो. सकाळी खिडकीपाशी धरा, थेट उन्हात नको. पिवळ्या बल्बखाली तर मुळीच नको.

त्याआधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारी चाचणी-प्रिंट, काढा. फिक्या मजेंटाच्या रेषा तुटक आल्या तर चेहरे हिरवट पडतात आणि मग कुठल्याच सेटिंगचा उपयोग नाही. हेड क्लीनिंग एकदा-दोनदाच करा. पुन्हापुन्हा केलंत तर शाई फुकट जाऊन ती शोषणारा वेस्ट पॅड भरतो.