हवेत चौकोन काढा, बाकीचं बंकर बघेल

रग्बी लीगचा पंच व्हायचं ठरवलंय? चांगलं केलंत. ८० मिनिटं पळायचं, मैदानावरच्या २६ धिप्पाड माणसांची मतं ऐकून घ्यायची आणि रात्री घरी गेल्यावर टीव्हीवर स्वतःला चोवीस वेळा चुकताना पाहायचं, एवढंच काम. पूर्वी या नोकरीत नजर लागायची. आता फक्त दोन तर्जन्या लागतात, हवेत टीव्हीचा चौकोन काढून निर्णय रिप्ले पाहणाऱ्यांकडे ढकलायला.

आधी एक खुलासा, नाहीतर चुकीच्या मैदानावर जाऊन उभे राहाल. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी दिसते, ती रग्बी युनियन. आपण बोलतोय ते तिच्या सख्ख्या भावाबद्दल, जो १८९५ साली उत्तर इंग्लंडमध्ये पैशावरून वेगळा झाला. याच्याकडे माणसं १३, ट्रायचे (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे) गुण ४, आणि सहा टॅकलमध्ये काही जमलं नाही तर चेंडू मुकाट्याने समोरच्याला द्यायचा. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांनी कबड्डीतली पकड आठवावी, फक्त पकडीनंतर माणूस उठतो, चेंडू पायाखालून मागे सरकवतो आणि पुन्हा मार खायला तयार होतो.

आता मुद्द्याचं. टीव्हीवर पाहून निर्णय द्यायची कल्पना क्रिकेटने १९९२ साली डर्बनमध्ये वापरली आणि पहिला बळी आपल्या तेंडुलकरचा घेतला, धावबाद. रग्बी लीगमध्ये ती १९९६ साली इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये आली, मग ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या एनआरएलने, म्हणजे नॅशनल रग्बी लीगने, २०१६ पासून सगळ्या सामन्यांसाठी सिडनीत एकच मध्यवर्ती खोली थाटली आणि तिला नाव दिलं ‘बंकर’. बंकर म्हणजे बॉम्ब पडत असताना लपायची जागा. नाव ठेवणाऱ्याला दूरदृष्टी होती असं म्हणायला हवं.

पहिला धडा चौकोनाचा. सामना रंगात आलाय. पाच जण एकमेकांवर कोसळत गोलरेषेपलीकडे गेलेत. तळाशी कुठेतरी चेंडू आहे. तुम्हाला दिसतोय तो एक पाय, एक पार्श्वभाग आणि बचाव करणाऱ्याचं कोपर. चेंडू जमिनीला टेकला का? तुम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर वर विचारलंच नसतं. पण २०१३ पासून एनआरएलचा दंडक असा की विचारण्याआधी तुम्ही स्वतःचा निर्णय जाहीर करायचा: ‘माझ्या मते ट्राय’ किंवा ‘माझ्या मते ट्राय नाही’. मग बंकर तपासणार, आणि तुमचा निर्णय फिरवायला पुरेसा पुरावा सापडला तरच फिरवणार.

यातली गंमत नीट समजून घ्या, तुमची पुढची सगळी कारकीर्द हिच्यावर चालायची आहे. तुम्हाला दिसलं नाही म्हणून तुम्ही विचारलं. विचारण्यासाठी अंदाज ठोकावा लागला. बंकरात आठ कोनांतून पाहिलं तरी त्या पाच देहांच्या आरपार कुठलाच कॅमेरा पाहू शकत नाही, म्हणून त्यांनाही दिसलं नाही. पुरावा अपुरा, सबब मूळ निर्णय कायम. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर हिरवी अक्षरं झळकली, अर्धं स्टेडियम नाचलं. तुम्ही ठोकलेला अंदाज तीन मिनिटं फिरून, कोट-टाय घालून परत आला. याला तंत्रज्ञान म्हणतात.

२०१३ च्या आधी असं नव्हतं. तेव्हा शंका असेल तर फायदा आक्रमण करणाऱ्या संघाला मिळायचा आणि ‘शंका’ या शब्दात हत्ती बसवता यायचा. स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधली मालिका. २०१२ साली मेलबर्नमध्ये झालेल्या तिच्या पहिल्या सामन्यात क्वीन्सलँडच्या ग्रेग इंग्लिसच्या हातून चेंडू निसटला तो न्यू साउथ वेल्सच्या रॉबी फाराहच्या पायामुळे, असं मानून ट्राय दिला गेला. क्वीन्सलँडने सामना १८-१० असा जिंकला आणि न्यू साउथ वेल्समध्ये आजही त्या पायाचा विषय काढला की जेवण थंड होतं. क्रिकेटनेही मैदानावरच्या पंचाचा असा अंदाज, म्हणजे ‘सॉफ्ट सिग्नल’, बरीच वर्षं जपला आणि २०२३ साली काढून टाकला. एनआरएलने तो जपून ठेवलाय. जुन्या वस्तूंची किंमत सगळ्यांनाच कळत नाही.

समजा तुम्हाला बढती मिळाली आणि तुम्हीच बंकरात बसलात. तिथे पहिली गोष्ट म्हणजे घाई करायची नाही. चेंडू कोपऱ्यात उंच मारलेला असेल तर सुरुवात किकपासून करा: पाठलाग करणारे सगळे किक मारणाऱ्याच्या मागे होते का, हे पाहायचं. मग उडी. मग हवेतल्या चार हातांपैकी चेंडू नेमका कुणाच्या हाताला लागून पुढे गेला. मग पाय बाजूरेषेला लागला का. मग टेकवणं. ‘पुढे न्या, थांबवा, एक फ्रेम मागे, दुसरा कोन दाखवा’ हे शांत, किंचित कंटाळलेल्या आवाजात म्हणत राहा. हे सगळं प्रक्षेपणात ऐकू जातं, त्यामुळे आवाज ऑपरेशन थिएटरमधला असावा, आतून तुम्ही चहाच्या टपरीवर असलात तरी.

फ्रेमवर विश्वास ठेवताना एक साधं गणित मात्र करू नका. नेहमीचं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं. पूर्ण वेगाने सुटलेला विंगर सेकंदाला ९ मीटर जातो. म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत तो ३६ सेंटिमीटर सरकतो. एका फ्रेममध्ये बूट बाजूरेषेच्या आत हवेत आहे आणि चेंडू गवतापासून वीतभर वर. पुढच्या फ्रेममध्ये बूट रेषेवर आणि चेंडू गवतावर. आधी काय झालं? उत्तर दोन फ्रेमच्या मधल्या फटीत पडलंय. ५० फ्रेम केल्या तरी १८ सेंटिमीटरची फट उरतेच. अतिमंद गतीचे खास कॅमेरे असतात, नाही असं नाही. पण नेमक्या क्षणी त्यांच्यासमोर बचाव करणाऱ्याची पाठ असते. त्यातच दोन कोनांची दृश्यं शेजारी-शेजारी लावताना ती एका फ्रेमने मागे-पुढे झाली, तर तुम्ही अतिशय काळजीपूर्वक, दोन्ही बाजू पाहून चुकीचा निर्णय देऊ शकता.

नियमाची भाषा तशी सोपी आहे. जमिनीवरच्या चेंडूवर हाताने किंवा बाहूने खालच्या दिशेने दाब दिला, की झाला ट्राय. पूर्ण वेगात पाहिलं तर शेंबड्या पोरालाही कळतं की टेकवला. पण तुम्ही शंभरपट हळू पाहाल तेव्हा बोटं आणि चेंडू यांच्यात हवा दिसेल. तिला ‘सेपरेशन’ म्हणायचं. हा शब्द उच्चारलात की तुम्ही तज्ज्ञ. हाताच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपली आजी विचारायची. तिला अतिमंद गतीचा आरसा दाखवला असता तर कांकण आणि हात यांच्यातही सेपरेशन सापडलं असतं. धोकादायक टॅकल तपासतानाही मंद गती आवर्जून वापरा. २०१६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तेच कृत्य हळू दाखवलं तर पाहणाऱ्याला ते जास्त जाणूनबुजून केल्यासारखं वाटतं. पाय घसरून लागलेला खांदा तुमच्या पडद्यावर चार सेकंद विचार करत, नियोजन करत, जवळजवळ पश्चात्ताप करत येऊन गळ्याला लागेल. द्या दहा मिनिटं सिन बिन, म्हणजे मैदानाबाहेर बसायची शिक्षा.

आता खरा मेवा: ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अडथळा. हल्ली प्रत्येक संघाची चाल ठरलेली असते. एक खेळाडू चेंडू मिळणार असल्यासारखा सरळ बचावफळीत घुसतो, तो डमी. चेंडू मात्र त्याच्या पाठीमागून तिसऱ्याकडे जातो. बचाव करणारा डमीला धडकतो, शेजारी भगदाड पडतं, ट्राय होतो. प्रश्न असा: डमी नसता तर त्या बचावपटूने टॅकल केला असता का? आता सांगा, न घडलेल्या गोष्टीचं चित्रीकरण कुठल्या कॅमेऱ्याने करायचं? म्हणून शहाण्यांनी त्याचं भूमितीत रूपांतर केलं. डमी फळीत थबकला का? बचावपटूच्या बाहेरच्या खांद्याला लागला की आतल्या? पास घेणाऱ्याने चेंडू डमीच्या आतल्या बाजूला पकडला की बाहेरच्या? हे सगळं मोजता येतं. मग प्रशिक्षकांनी आपल्या बचावपटूंना शिकवलं की टॅकल चुकणार असं दिसलं की जवळच्या डमीला शोधा आणि त्याच्या अंगावर रीतसर कोसळा, शक्यतो हात पसरून. तुम्ही खांदे मोजाल, नियम लावाल, ट्राय रद्द कराल. ज्याचा टॅकल मुळात चुकणारच होता, त्याला पदकच म्हणायचं ते. दुसऱ्या शनिवारी तंतोतंत तसाच प्रसंग येईल. तेव्हा म्हणा, ‘बचावपटूचा स्वतःचा निर्णय चुकला’, आणि ट्राय द्या. या वाक्याला अपील नाही.

जे कॅमेऱ्याला कळत नाही ते त्याला विचारायचं, इथवर तुमच्या लक्षात आलंच असेल. जे शेंगदाणे खात बसलेल्या माणसालाही दिसतं, ते विचारायचं नाही, हा धड्याचा दुसरा भाग. पास पुढे फेकायला रग्बीत बंदी, पण पुढे फेकलेला पास बंकर तपासत नाही. त्याला कारण आहे आणि कारण खरं आहे: पळणाऱ्याने मागे फेकलेला चेंडूही त्याच्या वेगामुळे जमिनीच्या हिशेबाने पुढे सरकतो, आणि कॅमेरा पासच्या अगदी समांतर नसेल तर कोन फसवतो. पण टॅकल मोजायला कुठला कोन लागतो? सप्टेंबर २०१३ मध्ये क्रोनुला शार्क्सनी नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजविरुद्ध बाद फेरीत सातव्या टॅकलवर ट्राय केला. सातव्या. खेळात सहाच असतात. शार्क्स २०-१८ ने जिंकले, काउबॉइजचा हंगाम संपला. काउबॉइजच्या गावच्या, टाउन्सव्हिलच्या बालवाडीत सुद्धा सहापर्यंतचे अंक शिकवतात.

आणि ६ ऑक्टोबर २०१९ ची अंतिम लढत तर प्रत्येक होतकरू पंचाने देवघरात लावावी. सिडनी रूस्टर्स विरुद्ध कॅनबरा रेडर्स, ८-८, शेवटची दहा मिनिटं. मुख्य पंचांनी हात फिरवून खूण केली: पुन्हा सहा टॅकल. कानातल्या यंत्रावर सहकाऱ्यांनी सांगितलं, नाही, शेवटचा टॅकल. पंचांनी निर्णय बदलला. रेडर्सच्या जॅक वायटनने हात फिरलेला पाहिला होता, बदललेलं ऐकलं नव्हतं. किक मारायच्या ऐवजी तो चेंडू घेऊन निवांत टॅकल होऊन पडला. चेंडू रूस्टर्सकडे गेला, थोड्याच वेळात टेडेस्कोने ट्राय केला, १४-८. नंतर खुलासा आला की बदललेला निर्णय नियमाने बरोबरच होता. म्हणजे चुकीची दुरुस्ती झाली आणि त्या दुरुस्तीनेच घात केला. या सगळ्या वेळात बंकरातले पडदे चालू होते. पण असल्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, असा नियम.

खेळाडूंच्या बाजूचेही दोन शब्द. २०२० पासून प्रत्येक कर्णधाराला एक चॅलेंज मिळतं. शिट्टी वाजल्यावर दहा सेकंदांत मागायचं. बरोबर ठरलं तर शिल्लक, चुकलं तर गेलं. ते पहिल्या पंधरा मिनिटांत, मध्यरेषेवरच्या एखाद्या नॉक-ऑनवर, म्हणजे हातून सुटून पुढे पडलेल्या चेंडूवर, उधळून टाका. ज्याच्या हातून चेंडू सुटला तो खेळाडू छातीवर हात ठेवून सांगेल की समोरच्याने ओढला. तो नेहमीच तसं सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवा. जर चॅलेंज संपलं असेल आणि बंकराचं लक्ष वेधायचं असेल तर टॅकलनंतर मान धरून पडून राहा. घातक टॅकलच्या बाबतीत बंकराला स्वतःहून बोलता येतं, आणि तुम्ही उठेपर्यंत त्यांना रिप्ले पाहायला वेळ मिळतो. मात्र नाटक फार रंगवू नका. डॉक्टरांना ते पटलं तर डोक्याच्या तपासणीसाठी पंधरा मिनिटं बाहेर बसावं लागतं, आणि तिथे रिप्ले लागत नाही.

चॅलेंजचा आदर्श वापर २४ जुलै २०२२ ला टाउन्सव्हिलमध्ये झाला. काउबॉइजविरुद्ध वेस्ट्स टायगर्स २६-२५ ने पुढे. शेवटच्या क्षणांतला किकऑफ झाला, वेळ संपली, टायगर्स नाचायला लागले. काउबॉइजनी चॅलेंज मागितलं. पंचांनी त्यांच्याविरुद्ध काही दिलंच नव्हतं तर आव्हान नेमकं कशाला, असं विचारणाऱ्या टायगर्सकडे दुर्लक्ष करून बंकराने पाहिलं आणि चेंडूमागे धावणाऱ्याची वाट अडवली म्हणून पेनल्टी दिली. काउबॉइजच्या व्हॅलेंटाइन होम्सने ती मारली. २७-२६.

दुसऱ्याच दिवशी सोमवार होता. सोमवार लक्षात ठेवा. एनआरएलचे फुटबॉल प्रमुख ग्रॅहम ॲनेस्ली दर सोमवारी पत्रकारांना बोलावून आठवड्यातले वादग्रस्त निर्णय पडद्यावर दाखवत, कधी समर्थन करत, कधी चूक कबूल करत. या वेळी त्यांनी मान्य केलं की ती पेनल्टी द्यायला नको होती. बैल गेला न् झोपा केला म्हणा, पण झोपा सुबक होता. गुण काउबॉइजकडेच राहिले. टायगर्सनी वकिलांचा विचार करून पाहिला. त्या हंगामात ते तसेही १६ संघांत सोळावे आले, चार विजयांवर. चुकायची वेळ आलीच तर संघ असा निवडावा.