तिरक्या चौकटींचा तोच वाद

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ खेळताना लढाई ऐन रंगात येते, कुणीतरी फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र टाकतो आणि पुढचा बराच वेळ आपला सोबती त्या आगीत सापडतो की नाही, यावर हुज्जत घालण्यात जातो. हे दर खेपेला का घडावे, हेच मला समजत नाही. नियम मुळीच गुंतागुंतीचा नाही: स्फोटाची त्रिज्या 20 फूट, नकाशावरची प्रत्येक चौकट 5 फुटांची. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तिरकी चौकटही, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात टाकलेले पाऊलही, 5 फुटांचीच धरली जाते, म्हणजे 30 फूट चालणारे पात्र सहा चौकटी तिरके जाऊन प्रत्यक्षात 42 फुटांहून अधिक अंतर कापते. हाच हिशेब स्फोटाला लावला, तर वर्तुळाचा चौरस होतो आणि जिथे सुमारे 50 चौकटी जळायला हव्यात तिथे 64 जळतात. एकाआड एक तिरकी चौकट 10 फुटांची धरण्याचा पर्याय डन्जन मास्टरसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकात दिलेला आहे आणि तो वास्तवाच्या बराच जवळ जातो. यांपैकी काहीही निवडा, पण मोहीम सुरू होण्यापूर्वी निवडा! चालताना एक मोजमाप, मंत्र टाकताना दुसरे, आणि नकाशाच नसेल तेव्हा ‘असेल साधारण जवळच’ हे उत्तर, यात सर्वाधिक नुकसान होते ते नियम वाचून, जागा हेरून डाव आखणाऱ्या खेळाडूचे. त्याने जाणीवपूर्वक स्फोटाच्या केंद्रापासून 25 फुटांवर उभे केलेले पात्र कुणाच्या तरी अंदाजाने भाजून निघते, आणि वर त्यालाच ‘किती मोजतोस’ असे ऐकावे लागते.