मूनवॉकच्या आधीचे यश
मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन' या गाण्याच्या यशाचे श्रेय एका लेखात त्याच्या मूनवॉकला, म्हणजे पुढे चालल्याचा भास देत मागे सरकण्याच्या नृत्याला, दिले आहे, ते मला पटत नाही. कारण अमेरिकेत ते नृत्य दूरचित्रवाणीवर दिसले १६ मे १९८३ रोजी, आणि तोवर गाणे बिलबोर्ड मासिकाच्या 'हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग ७ आठवडे अव्वल राहून खालीही उतरले होते. खरे श्रेय ध्वनिमुद्रणातल्या चिकाटीचे आहे. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी ड्रमसाठी खास लाकडी मंच बनवून घेतला, गाण्याची तब्बल ९१ मिक्सिंग (सगळे आवाज जुळवून केलेल्या आवृत्त्या) केली आणि अखेर निवड झाली ती क्रमांक २ची. निर्माते क्विन्सी जोन्स यांना लांबलेली सुरुवात खटकत होती, पण जॅक्सनने ती कापू दिली नाही, हे फार चांगले झाले. नुसते ड्रम आणि बास सुरू होताच, शब्द येण्याआधीच, पाय ठेका धरू लागतात.