सडाफटिंग गोरिल्ले आणि कट्ट्यावरचा वाद

परवा कट्ट्यावर पम्याने मोबाईल पुढे केला, म्हणाला हे बघा, एका झूमध्ये दोन तरुण नर गोरिल्ले आणलेत आणि आता त्यांना आधीच्या नरांबरोबर ठेवणार, सगळे नरच नर, मादी एकही नाही, बॅचलर ग्रुप म्हणतात म्हणे याला. झालं, तिथून जो वाद पेटला तो कट्टा रिकामा झाला तरी आम्हा पाच जणांचा चालूच. घरी येऊन झोप लागेना म्हणून लिहून काढतोय, कारण निघालो तेव्हा माझं मत वेगळं होतं आणि परत आलो तेव्हा वेगळं.

पम्याचं म्हणणं सरळ. आईपासून तोडायचं, विमानात घालून परक्या ठिकाणी न्यायचं आणि जन्मभर सडाफटिंग ठेवायचं, ही शिक्षा नाही तर काय आहे? त्या पोरांनी कोणाचं काय वाकडं केलं होतं? मी लगेच हो ला हो केलं. खरंच वाटलं तसं.

डॉक (आमचा जनावरांचा डॉक्टर, फारसा बोलत नाही पण बोलला की ऐकावं लागतं) म्हणाला, आईपासून तोडलं हे आधी डोक्यातनं काढ. गोरिल्ल्याचं घर म्हणजे एक सिल्व्हरबॅक (पाठ चंदेरी झालेला मोठा नर), काही माद्या आणि त्यांची पोरं. नर साधारण ८ वर्षांचा झाला की ब्लॅकबॅक, म्हणजे पाठ अजून काळीच, पाठीवरचे चंदेरी केस पुढे बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमाराला यायला लागतात, आणि याच काळात कधीतरी तो घर सोडतो. जंगलात पण सोडतोच. बाप दरवेळी मारून हाकलतो असंही नाही, पोरगं हळूहळू कडेकडेने राहायला लागतं, सगळे झोपतात तिथून जरा लांब आपलं पानांचं अंथरूण करतं, आणि मग एक दिवस निघून जातं. पुढची काही वर्षं बहुतेक जण एकटेच हिंडतात. पण काही तरुण नर एकमेकांना धरून राहतात, आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरात नुसत्या नरांचे कळप संशोधकांनी बघितलेत, काँगोमधल्या ओद्झालाच्या रानातही. झूवाल्यांनी काही डोक्यातून काढलेली गोष्ट नाही ही.

"हो पण जंगलात त्याला पुढे मादी मिळण्याची आशा तरी असते," पम्या काही मागे हटेना.

इथे मास्तर पुढे सरसावले, आयुष्य गणित शिकवण्यात गेलंय त्यांचं. म्हणाले साधा हिशोब कर. १०० पिल्लं झाली तर ढोबळमानाने ५० नर, ५० माद्या. एका नरामागे तीन माद्या धर, म्हणजे ५० माद्यांना १७ नर पुरले. उरले ३३. आता तू सांग, या ३३ जणांचं काय करायचं? जंगलात यातले कित्येक एकटे फिरतात, मारामाऱ्या करतात, काही मरतात, कोणी बघायला नसतं. झूमध्ये तुम्हाला त्यांच्याकडे पाठ फिरवता येत नाही, कारण ते जन्माला आले ते तुमच्यामुळे.

तेहतीस हा आकडा ऐकला आणि सगळे जरा गप्पच झाले. मला तर धक्काच बसला. इतकी वर्षं झूमधला गोरिल्ला म्हटलं की मला तो एक दांडगा नर आणि भोवती पोरंबाळं एवढंच दिसायचं, बाकीचे नर कुठे गेले हा प्रश्न कधी पडलाच नाही.

मग चित्रा म्हणाली, आणि माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात अवघड प्रश्न तिचाच होता, की मग पिल्लं होऊच कशाला देता? उरणार हे माहितीये, तरी जन्माला घालता, आणि मग बॅचलर ग्रुप काढून स्वतःची पाठ थोपटून घेता. डॉकनेही तिला उडवून लावलं नाही. म्हणाला प्रश्न बरोबर आहे. पण मुलगा की मुलगी हे आपल्या हातात नाही, आणि मादीला एक पिल्लू झालं की दुसरं होईपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात, त्यात मध्येच सगळं थांबवलं तर वय निघून जातं, आणि पिल्लू कसं सांभाळायचं हे तरुण माद्या दुसरीला सांभाळताना बघूनच शिकतात, ती साखळी तुटते. आणि पश्चिमेकडचा सखल प्रदेशातला गोरिल्ला, झूमध्ये जवळजवळ सगळे हेच असतात, तो नष्ट व्हायच्या सगळ्यात मोठ्या धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे. युरोपात काही ठिकाणी दुसरा मार्गही करून बघितलाय, नर लहान असतानाच त्याचं खच्चीकरण करायचं म्हणजे तो आपल्या घरातच राहू शकतो, बाप त्याला वैरी समजत नाही. चित्रा म्हणाली हे त्याहून वाईट. मास्तर म्हणाले वाईट कसं, घर तरी राहतं ना त्याचं. यावर दोघांचं जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि मलाही यात कोण बरोबर हे ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र वाटतं की चाकू लावला की परतीचा रस्ता बंद होतो आणि बॅचलर ग्रुपमध्ये तो उघडा राहतो.

उघडा म्हणजे कसा, तर कुंबुकाचं उदाहरण डॉकने दिलं. इंग्लंडमध्ये पेंटन झू आहे, तिथे १९९७ पासून नुसत्या नरांचा ग्रुप आहे. हा कुंबुका तिथला, आणि २०१३ मध्ये त्याला लंडन झूला नेलं, तिथे माद्यांच्या कुटुंबाचा सिल्व्हरबॅक झाला, बाप झाला. म्हणजे सगळ्यांच्या कपाळी जन्मभराचा ब्रह्मचर्याश्रम लिहिलेला नसतो. आणि उलटंही होतं. केशो नावाचा नर डब्लिनहून लंडनला नेला होता पिल्लांसाठी, पण त्याला पिल्लं होऊ शकत नाहीत असं कळलं. मग २०१२ मध्ये त्याला इंग्लंडमधल्याच लाँगलीट सफारी पार्कच्या बॅचलर ग्रुपमध्ये हलवलं, आणि तिथे त्याचा धाकटा भाऊ आल्फ पण आला. जवळजवळ तीन वर्षं ताटातूट झालेली. केशो दरम्यान अंगाने चांगलाच वाढलेला. तरी ओळखलं दोघांनी एकमेकांना, जाळीतून हात घातले, आणि दार उघडल्यावर गळ्यात गळे घातलेले फोटो आहेत. डॉकने दाखवले. पम्या बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसला, काही बोलला नाही.

मग मीच पोलोचा विषय काढला. म्हैसूरच्या झूमध्ये होता तो, १९९५ मध्ये डब्लिनहून आणलेला, आणि २०१४ मध्ये गेला तेव्हा अख्ख्या देशात दुसरा गोरिल्ला नव्हता. इतकी वर्षं आपल्या जातीचं कोणी समोर नाही म्हणजे काय असेल विचार करा. त्याच म्हैसूरला २०२१ मध्ये जर्मनीतून दोन आणले, थाबो आणि देम्बा, एक १४ वर्षांचा आणि एक ८ वर्षांचा, दोघेही नर. पोलोला असा एक जोडीदार मिळाला असता, नर का असेना, तर? मला विचाराल तर मादी आहे की नाही यापेक्षा समोर आपल्यासारखं कोणी आहे की नाही हा प्रश्न मोठा आहे.

पण म्हणून दोन-चार नर एका पिंजऱ्यात सोडले की झाला ग्रुप, असं नाही, आणि इथे डॉक खरा रंगात आला. नवे आले की आधी क्वारंटाइन. मग फक्त दिसतील इतपत, मग जाळीचं दार, आणि त्या जाळीपाशी दिवसचे दिवस, कधी आठवडे काढायचे. त्याने एक व्हिडिओ लावला, त्यात एक तरुण नर जाळीला पाठ टेकून बसलाय, अगदी मला काही देणंघेणं नाही असा, आणि पलीकडचा मोठा चारही पाय ताठ करून, ओठ आवळून, केस फुलवून आडवा उभा, हलत नाही. मिनिटभर काही नाही. मग तरुण नर मागे न बघता हळूच एक बोट जाळीतून पलीकडे सरकवतो. मोठा ते हुंगतो आणि निघून जातो. डॉक म्हणाला, कीपर लोक या एका बोटाची वाट बघत असतात.

त्यानंतर दार उघडायचं, पण एका खोलीला एक दार कधीच नाही. दोन हवीत, म्हणजे पळणाऱ्याला गोल फिरून निसटता येतं, कोपऱ्यात सापडला की दीडशे-पावणेदोनशे किलोचा नर आणि ते सुळे, मग काय होईल सांगायला नको. माद्या नजरेच्या टप्प्यात नकोत. आणि वयाचं गणित सांभाळायचं, सगळे एका वयाचे नकोत, लहानपणी एकत्र आलेले बरे, आणि वर एक पोक्त, शांत नर असला तर अर्धं काम झालं. ऑस्ट्रेलियात वेरिबीच्या झूमध्ये २०११ मध्ये मोटाबा हा बाप आणि त्याची दोन वयात आलेली पोरं असाच ग्रुप केला होता. खरी कसोटी पुढेच, पोरं १४ ते २० च्या दरम्यान असतात तेव्हा, नवे नवे सिल्व्हरबॅक, अंगात रग. त्या वर्षांत जखमा वाढतात, कधी कधी एकेकाला वेगळं करावं लागतं आणि तशी वेगळी जागा आधीपासून बांधून ठेवावी लागते.

माझं भांडण आता इथे आहे. बॅचलर ग्रुप वाईट नाही, पण तो कोणी स्वस्तातला उपाय म्हणून केला तर वाईट आहे. हे नर ४० च्या पुढे जगू शकतात. आज आठ वर्षांची दोन गोंडस पोरं आणली की फोटो छान येतात, गर्दी होते, पण सात वर्षांनी त्यातल्या एकाला दुसरा डोळ्यासमोर नको होईल तेव्हा तुमच्याकडे तिसरी-चौथी खोली आहे का, दोन दारं आहेत का, आणि त्याच्या हृदयाची तपासणी कोण करणार, कारण झूमधले मोठे नर सगळ्यात जास्त हृदयाच्या आजाराने जातात. डॉकने सांगितलं की छाती जाळीला लावून शांत उभं राहायला शिकवतात त्यांना, खाऊ देऊन, जबरदस्ती नाही, आणि मग बेशुद्ध न करता सोनोग्राफी करतात. जिथे एवढं करतात तिथे माझी काही तक्रार नाही. जिथे करणार नाहीत त्यांनी आणूच नयेत.

चित्राने जाता जाता परत तेच विचारलं, ३३ का उरू द्यायचे. मास्तर म्हणाले उद्या बोलू.

पम्या सगळ्यात शेवटी उठला. तो व्हिडिओ पाठव म्हणाला, बोटवाला.