ख्रिसमस पुडिंगचा तो फॉरवर्ड: काय खोटं, काय अर्धवट

डिसेंबर जवळ आला की मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: ब्रिटनचं ख्रिसमस पुडिंग म्हणजे आपला प्लम केकच, मांस नसल्याने शाकाहारींना चालतं, वरची ब्रँडी पेटवली की दारू उडून जाते, त्यामुळे मुलांनाही द्यावं, आत चांदीचं सिक्सपेन्स (जुनं ब्रिटिश नाणं) घालून शिजवावं, तेरा जिन्नसांचा नियम मध्ययुगीन चर्चचा, राजेशाही उलथल्यावर इंग्लंडचा शासक झालेल्या क्रॉमवेलने १६६४ साली बंदी घातली आणि नाताळला मिन्स पाय (सुक्या मेव्याचं सारण भरलेली छोटी गोड पेस्ट्री) खाणं इंग्लंडात आजही गुन्हा आहे. इतिहासाच्या चुका हसण्यावारी नेता येतील. स्वयंपाकाच्या चुका भोवतात, म्हणून आधी त्या.

'शाकाहारी आहे.' पारंपरिक पुडिंगमधला स्निग्ध पदार्थ म्हणजे सुएट, गाय-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. ती उगाच घातलेली नसते. लोण्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला ती वितळते. तोवर भोवतालचं मिश्रण धरू लागलेलं असतं आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. इतका जड जिन्नस गिच्च होत नाही तो त्यामुळे. बाजारात व्हेजिटेबल सुएट मिळतं आणि त्याने पुडिंग उत्तम होतं, पण त्याच्या दाण्यांना बहुधा पीठ लावलेलं असतं, तेव्हा गहू वर्ज्य असणाऱ्यांनी पाकीट वाचावं. सुएट बदललं तरी अंडी उरतातच. ब्रिटनमधल्या मराठी घरांत कुणी तयार पुडिंग भेट आणलं, तर वेष्टनावर 'व्हीगन' शब्द शोधावा; 'व्हेजिटेरियन' असेल तर अंडी असू शकतात.

'प्लम केकच.' केक ओव्हनमध्ये भाजतात, हे तासन्‌तास वाफवतात. १.२ लिटरच्या बेसिनला, म्हणजे पुडिंग वाफवायच्या खोल वाडग्याला, साधारण ४५० ग्रॅम बेदाणे, मनुका व करंट्स (बारीक काळे मनुके), ११० ग्रॅम सुएट, ११० ग्रॅम पावाचा ताजा चुरा, ५० ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, २०० ग्रॅम गडद ब्राउन साखर, २ अंडी, एक किसलेलं सफरचंद, संत्र्या-लिंबाची किसलेली साल, मसाला आणि १५० मिली स्टाउट (गडद बिअर) लागते. आलुबुखार औषधालाही नसतो. मिश्रण रात्रभर मुरवून बेसिनमध्ये भरताना वर दोन बोटं जागा सोडायची. त्यावर बटर पेपर आणि फॉइल, दोन्हींना मधोमध एक चुणी, कारण पुडिंग फुगतं. दोऱ्याने आवळून बांधायचं, उंच पातेल्यात तळाशी उलटी बशी ठेवून त्यावर बसवायचं, पाणी बेसिनच्या निम्म्यापर्यंत, आणि ८ तास मंद उकळी.

बिघडतं ते बहुतेक इथेच. पाणी आटलं तर बेसिन तडकतं. गार पाणी ओतलं तर वाफ मोडते, म्हणून शेजारी किटली तयार हवी. फॉइलखालचा कागद पाण्यात लोंबकळला तर तो पाणी वर ओढतो आणि पुडिंगचं तोंड चिखल होतं. चार तासांतच उतरवलं तर रंग फिकट राहतो. तो काळपटपणा साखर आणि वेळेचा, कोको पावडरचा नव्हे. गार झाल्यावर ओला कागद काढून कोरडा बांधायचा. हे विसरलं तर बुरशी ठरलेली. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी महिनाभर मुरतं आणि नाताळला पुन्हा २ तास वाफवावं लागतं.

'दारू उडून जाते.' अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पेटवून दिलेल्या पदार्थात सुमारे ७५ टक्के अल्कोहोल उरतं. मुलांचा वाटा ब्रँडी ओतण्याआधी काढावा. मिश्रणातही दारू नको असेल तर स्टाउटऐवजी संत्र्याचा रस. पेटवण्यासाठी ३-४ चमचे ब्रँडी पळीत कोमट करावी. गार ब्रँडी पेट घेत नाही, उकळली तर अल्कोहोल आधीच निघून जातं. बाटलीतून थेट ज्वाळेवर कधीही ओतू नये, आग बाटलीत शिरते. शोभेसाठी वर खोवलेली हॉली या काटेरी पानांच्या झुडपाची डहाळी आधी काढावी. तिची लाल फळं विषारी असतात.

'चांदीचं सिक्सपेन्स.' १९२० ते १९४६ची नाणी निम्मी चांदीची, १९४७ पासूनची तांबं-निकेलची. वाफवताना आत नकोच. नाणं उकळून, कागदात गुंडाळून, वाढताना खुपसावं आणि सगळ्यांना सांगून ठेवावं. उरलेलं पुडिंग मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याआधी नाणं निघालं का ते बघावं.

'तेरा जिन्नस.' मध्ययुगीन हुकमाचा पुरावा नाही. आणि बेदाणे, मनुका, करंट्स एक धरायचे की तीन? हवे तेव्हा तेरा होतात. खरी आहे ती 'स्टर-अप संडे'ची प्रथा: अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळपूर्व तयारीच्या काळाच्या) आधीच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरदरम्यान, घरातल्या प्रत्येकाने मिश्रण ढवळायचं. त्या रविवारच्या प्रार्थनेची सुरुवात 'स्टर अप' (ढवळ, जागं कर) याच शब्दांनी होते. ती १५४९च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथात आहे.

'१६६४ची बंदी.' क्रॉमवेल १६५८ साली वारला आणि १६६० साली राजेशाही परतली. नाताळ रद्द करणारा अध्यादेश संसदेचा, जून १६४७चा. त्यात सण आहे, पुडिंग नाही. राजेशाही परतल्यावर असे अध्यादेश निरर्थक ठरले. मिन्स पायच्या कथित गुन्ह्याचा समाचार कायद्यातल्या सुधारणा सुचवणाऱ्या इंग्लंडच्या लॉ कमिशननेही घेतला आहे. १६४४ साली मात्र २५ डिसेंबर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, संसदेने ठरवलेल्या उपासाच्या दिवशी आला. त्या दिवशी मिन्स पायच काय, पोटभर जेवणही नियमाविरुद्ध होतं.